पाजताना बघायचं कुठे?

"सिस्टर, स्टॉप करू का?"

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, ओपीडीमागच्या आमच्या छोट्या खोलीत पल्लवी गावंडे मला विचारत होती. मांडीवर साडेतीन महिन्यांचा ईशान, उजव्या हातात फोन, फोनवर पळणारं घड्याळ. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

"काय स्टॉप करतेस?"

"फीड. झालं वाटतं त्याचं. थांबलाय तो."

मी वाकून बघितलं. थांबला होता हे खरं. पण तोंड अजून छातीला होतं, हनुवटी टेकलेली होती आणि डोळे वर होते. तो आईकडे बघत होता आणि आई फोनकडे. मग तिने स्टॉप दाबलं, हलकेच त्याचं तोंड सोडवलं आणि त्याला खांद्यावर घेतलं.

मी त्याला पुन्हा वजनकाट्यावर ठेवलं. आमची एक साधी पद्धत आहे. पाजायच्या आधी वजन घ्यायचं, पाजून झाल्यावर त्याच कपड्यांत, त्याच दुपट्यासकट पुन्हा घ्यायचं. मधला फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध. फरक आला पंचेचाळीस ग्रॅम. त्याच्या वयाची मुलं एका वेळी याच्या दुप्पट सहज पितात.

मी लॅक्टेशन कौन्सेलर आहे. आधी तीस वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर होते, रिटायर झाल्यावर कोर्स केला आणि येरवड्यातल्या एका बाळंतिणींच्या आणि मुलांच्या हॉस्पिटलात लागले. आयांना बाळाला पाजायला मदत करते. नातेवाइकांत माझी ओळख 'ती दुधाचं काहीतरी करते' एवढीच आहे. एका आतेभावाने डेअरी कुठे काढलीस असंही विचारलं होतं. पेठेतली माणसं आम्ही, चौकशीत कमी पडत नाही.

ईशानला आमचे बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मुळे यांनी माझ्याकडे पाठवलं होतं. जन्मापासून अडीच महिने त्याचं वजन छान वाढलं. पुढच्या महिन्यात मात्र जेमतेम दोनशे ग्रॅम. ताप नाही, उलट्या नाहीत, लघवीची तपासणी स्वच्छ. डॉक्टरांना कारण सापडेना, आणि कारण सापडेना की ते माझ्याकडे पेशंट पाठवतात आणि भुवया उंचावून वाट बघतात.

"सिस्टर, आठ दिवस देतो," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी दीडशे ग्रॅम वाढलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर वरचं दूध सुरू. मला बाळ वाळवायचं नाहीये."

वरचं दूध म्हणजे डब्यातलं. त्यात पाप नाही. गरज असेल तेव्हा मी स्वतः ते सुरू करायला सांगते. पण पल्लवीने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच कमी पडतेय ना?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि दुपट्याची घडी घालत बसली. चौकोनी घडी, मोडायची, परत चौकोनी.

तिचा नवरा अनिकेत बाजूलाच बसला होता. दोघंही आयटीतले, मूळचे अकोटकडचे, वाघोलीत अकराव्या मजल्यावर राहणारे. अनिकेतने लॅपटॉप उघडला.

"मॅम, मी सगळा डेटा एक्स्पोर्ट केलाय. प्रत्येक फीड, लेफ्ट-राइट, ड्युरेशन. तिने स्टार्ट केलं की मला नोटिफिकेशन येतं."

"आणि बाळ रडलं की?"

"त्याचं नाही येत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "एक विचारू? तो आमच्यापेक्षा पंख्याकडे बघून जास्त हसतो. हे नॉर्मल आहे का?"

मी तो प्रश्न टिपून ठेवला. उत्तर मात्र मला आधीच सापडलं आहे असं वाटत होतं.

इथे दोन शब्द धंद्याचे. बाळ दूध सलग पीत नाही. आठ-दहा घोट घेतं, थांबतं, पुन्हा घेतं. या थांबण्याला मी विसावा म्हणते. विसाव्यात बाळ बहुतेक वेळा वर बघतं. मग आई काय करते? काही शिकवलेलं नसतं तरी ती त्याला जरा हलवते, "काय रे, दमलास?" म्हणते, गालावर बोट फिरवते. बाळ पुन्हा चालू होतं. त्या दोघांच्या आयुष्यातल्या या पहिल्या गप्पा. बाळाने विषय काढायचा, आईने हूं म्हणायचं. हूं म्हणणारं कोणी नसेल तर काही बाळं रडून मागतात. काही शांत स्वभावाची असतात, ती विषय सोडून देतात. ईशान शांत होता. आणि आईची नजर पडद्यावर असल्यामुळे प्रत्येक विसावा तिला शेवट वाटत होता. ती स्टॉप दाबायची. पान्हा भरात यायच्या आत पाजणं संपायचं. पान्हा म्हणजे दुधाला येणारा जोर, आणि नंतर येणारं दूध जास्त दाट, साईचं असतं. तेच त्याला मिळत नव्हतं.

झालं निदान. आमच्या टॅब्लेटवर एक फॉर्म असतो. त्यात 'अडथळा' नावाच्या रकान्यात यादी उघडते. 'मोबाइल' हा पर्याय त्या यादीत मीच भांडून घालून घेतला होता, कारण हल्ली दहातल्या कितीतरी आया हातात फोन घेऊनच पाजतात. मी त्यावर टिचकी मारली आणि पल्लवीला माझं नेहमीचं भाषण दिलं. पाजताना फोन दुसऱ्या खोलीत. घड्याळ नाही, डेटा नाही. बाळ थांबलं तर थांबू दे, बोल त्याच्याशी. ती मान हलवत गेली. अनिकेतने मुद्दे टाइप करून घेतले. भाषण छान झालं होतं. माझी भाषणं छानच होतात, अडचण नंतर सुरू होते.

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले. वाघोलीची बस मला लगेच मिळाली, पण बसला वाघोली मिळायला सव्वा तास लागला. बरोबर आमचा प्रवासी वजनकाटा होता. शेजारच्या बाईने तो बघून विचारलं, "भाजीवाल्या का?" मी हो म्हटलं. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

घरात सगळं सांगितल्याप्रमाणे होतं. फोन फ्रिजवर उपडा ठेवलेला. टीव्ही बंद. अनिकेत हेडफोन लावून आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. पल्लवी खिडकीशी खुर्चीत बसली, उशी नीट घेतली, बाळाला नीट धरलं. लॅच उत्तम, म्हणजे तोंड छातीला जसं लागायला हवं तसं लागलेलं. दहा घोट. विसावा. ईशानने वर बघितलं.

पल्लवीने खिडकीबाहेर बघितलं.

मला वाटलं, काहीतरी आवाज झाला असेल. परत आठ घोट. विसावा. डोळे वर. पल्लवीने पडद्याच्या कड्या बघितल्या. तिसऱ्या वेळी तिने माझ्या चहाच्या कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "साखर कमी आहे का?" ईशानने तोंड सोडलं. वजन केलं. पन्नास ग्रॅम.

फोन गेला आणि पाच ग्रॅम मिळाले. मी चहा संपवला. इतकी वर्षं झाली, पण असं कोडं पडलं की मला अजूनही शाळेतल्या मुलीसारखी हुरहुर लागते. हात धुऊन घरी जावं असं वाटत नाही.

एक गोष्ट डोक्यात फिरत होती. विसरभोळा माणूस अधूनमधून चुकून तरी बघतो. लक्ष फोनमध्ये असलेल्या आयाही मधेच खाली बघतात. ही एकदाही चुकली नव्हती. हे दुर्लक्ष नव्हतं. हे लक्ष देऊन न बघणं होतं, आणि ते फार कठीण काम आहे. स्वतःच्या मुलाकडे दिवसातून आठ-दहा वेळा, दर वेळी इतकी मिनिटं न बघणं मला तरी जमलं नसतं.

"पल्लवी, एक विचारते. रागावू नकोस. तू त्याच्याकडे बघत का नाहीस?"

"बघते की."

"आता बघते आहेस. पाजताना नाही बघत."

ती उठली, आतल्या खोलीचं दार नीट लागलंय का ते बघून आली. मग खुर्चीच्या कडेवर बसली.

"तुम्ही हसाल."

"मी हसले तर तू मला काटा घेऊन परत बसमध्ये बसव. यापेक्षा मोठी शिक्षा नाही."

ती हसली आणि हसतानाच तिचे डोळे भरले.

"सासूबाई म्हणाल्या होत्या, पिताना पोराकडे पाहू नको. मायची नजर लागते. सगळ्यात जास्त मायचीच लागते." ती भराभर बोलत होती. "माझा विश्वास नाही हो सिस्टर. मी इंजिनिअर आहे. अनिकेतला सांगितलं तर तो वेड्यात काढेल. पण एकदा गेलंय माझं. पाचव्या महिन्यात. तेव्हा मी कोणाचंच काही ऐकलं नव्हतं. आता विश्वास नसला तरी रिस्क कोण घेणार? आणि नुसतं बसून त्याच्याकडे न बघणं जमत नाही. डोळे जातातच. म्हणून फोन धरायला लागले. फोनमध्ये तरी डोळे अडकून राहतात."

तिच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, दुसरं गरोदरपण, पहिलं बाळ. मी ते वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. त्या क्षणी मला माझी लाज वाटली, आणि ती सांगायला हरकत नाही. मी फोन बघितला होता. फोन धरणारी बाई बघितलीच नव्हती.

पण कोडं अर्धंच सुटलं होतं. सासूबाईंनी हे सुरुवातीलाच सांगितलं असेल, तर पहिले अडीच महिने वजन वाढलं कसं?

"सासूबाई गेल्या कधी?"

"महिना झाला. सव्वा महिना."

"आणि होत्या तेव्हा, तू पाजत असताना त्या काय करायच्या?"

"समोर बसायच्या. त्याचे पाय चोळायच्या. सारखं काहीतरी बोलायच्या त्याच्याशी. आजीची नजर नाही लागत म्हणे."

मला खुर्चीतून उठून टाळी द्यावीशी वाटली. आई खिडकीकडे बघत होती, पण हूं म्हणणारी आजी समोर बसली होती. आजी अकोटला गेली आणि गप्पा बंद पडल्या. वजनाची रेघ त्याच आठवड्यात आडवी झाली होती. अनिकेतच्या डेटात सगळं होतं, फक्त आजीचा कॉलम नव्हता.

"लाव फोन सासूबाईंना," मी म्हटलं. "व्हिडिओ लाव."

तीन दिवसांपूर्वी मी ज्या फोनला शिव्या घातल्या होत्या तो पल्लवीने फ्रिजवरून काढला. पलीकडे आजी दिसल्या, म्हणजे आधी त्यांचा कान दिसला, मग कपाळ, मग आजी. पल्लवीने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. आजींचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

"अवं माय! पाहूच नको असं मी कधी म्हणलं? मी म्हणलं, तीट नाही तं टक लावून पाहू नको!"

तीट म्हणजे बाळाला लावतात तो काजळाचा टिळा, नजर लागू नये म्हणून.

"मग तीट का नाही लावत?" मी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"मी दवाखान्यातली सिस्टर."

"मंग तुमालेच इचारते न बाई! तुमच्याच दवाखान्यातून कागद आला व्हता. काजय लावू नका म्हणून. सूनबाईनं डबी फेकून देल्ली. मी म्हणलं, बरं, डाक्टर म्हणते तं नको लावू. पन मंग तीट नाही तं मायनं पाहू नये. मायची नजर भल्ली लागते. तीट असती तं कितीबी पाह्य न तुह्या लेकराले!"

तो कागद माझ्या ओळखीचा होता. बाळ-बाळंतिणीला घरी सोडताना आम्ही एक सूचनापत्रक देतो. त्यातलं सहावं वाक्य, 'काजळ लावू नये.' अर्थ असा की डोळ्यांत घालू नये, डोळ्यांना अपाय होतो. जागा पुरेना म्हणून 'डोळ्यांत' हा शब्द कापला होता. कापणारी मीच. पत्रक मी लिहिलेलं. एका शब्दाची काटकसर केली आणि या घरात आईची नजर बंद झाली.

"आजी, चूक आमची आहे," मी म्हटलं. "काजळ डोळ्यांत नको एवढंच म्हणायचं होतं. तीट लावा."

"कुठं लावू म्हणता?"

"कपाळावर नको. हात लागतो, हात तोंडात जातो. तळपायाला लावू या."

"वा बाई! पाय बी तोंडात घालन थो महिन्याभरात. झबल्याले लावा, मांगून. कपड्याले लावलेली चालते."

तीस वर्षांच्या अनुभवावर आजींनी पाणी फिरवलं. पाय तोंडात जातात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. झबल्याच्या पाठीला तीट लावायची ठरली. काजळ घरात नव्हतंच. पल्लवीने आयलायनर काढला. आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "काया हाय न? मंग झालं."

अर्ध्या तासाने ईशान पुन्हा भुकेला झाला. पाठीवर शेंगदाण्याएवढा काळा ठिपका. दहा घोट. विसावा. डोळे वर. पल्लवीची मान सवयीने खिडकीकडे वळली, अर्ध्यात थांबली आणि परत आली. तिने खाली बघितलं.

असं वाटेल की तो हसला. नाही हसला. पिणंच सोडून तो तिच्याकडे टकामका बघत राहिला, कोण आहेस तू, अशा चेहऱ्याने. पल्लवीने माझ्याकडे बघितलं.

"काय बोलू?"

"ऑफिसात काय विचारतेस? स्टेटस विचार त्याला."

"काय रे," ती अगदी हळू म्हणाली, "झालं? का आहे अजून?" ईशानने एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा प्यायला लागला. मी बोटांवर घोट मोजत होते. बारा. विसावा. "दमलं माझं पिल्लू?" पुन्हा बारा. पाचव्या विसाव्याला तो हसला. तोंडात दूध असताना हसल्यामुळे ते कोपऱ्यातून ओघळून पल्लवीच्या ड्रेसवर गेलं. ती रडत होती आणि पुसत नव्हती.

फरक सत्तर ग्रॅम. ड्रेसवरचे वेगळे.

मीटिंग संपवून अनिकेत बाहेर आला. बायको रडतेय, फोनवर आई आहे, मुलाच्या पाठीवर ठिपका आहे. "मी काही मिस केलं का?" त्याने विचारलं. "मुलगा तुझ्याकडे बघून हसत नाही म्हणालास ना," मी म्हटलं, "हेडफोन काढ आणि समोर बस. आजीची जागा रिकामी आहे."

पुढच्या सोमवारी डॉक्टर मुळ्यांच्या समोर काट्यावर ईशानला ठेवलं तेव्हा पल्लवीने डोळे मिटून घेतले होते. आकडे वरखाली झाले आणि स्थिर झाले. एकशे तीस.

"दीडशे म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"पहिले तीन दिवस माझ्या खात्यात घाला," मी म्हटलं. "ते माझ्या भाषणाने वाया गेले. सगळी वाढ गुरुवारनंतरची आहे."

डॉक्टरांनी गणित केलं. चार दिवसांच्या मानाने वाढ चांगली होती. त्यांनी पेन उचललं. "काय बदललं?"

"तीट लावली."

ईशान डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपकडे बघून हसत होता.

"सिस्टर, मी फाइलमध्ये काय लिहू?"

"लिहा, आईने बाळाकडे बघायला सुरुवात केली."

त्यांनी खरंच ते लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत त्यांना ते जमेना. वरच्या दुधाचा निर्णय आठवडाभर पुढे ढकलला, आणि त्या आठवड्यानंतर तो विषय निघालाच नाही. अनिकेत अजून डेटा ठेवतो. सहा मिनिटांची फीड चौदावर गेली असं त्याचा ग्राफ सांगतो. पंख्याची आता कोणी चौकशी करत नाही.

फोनने काही बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. पाजताना फोन हातात असला की बाळाची हाक ऐकू येत नाही, हे मी रोज बघते. पण फोन हे कधीकधी नुसतं डोळे ठेवायचं ठिकाण असतं. डोळे तिथे का नेऊन ठेवले, हे विचारायचं काम माझं होतं.

आमच्या सूचनापत्रकात आता 'डोळ्यांत' हा शब्द परत आला आहे. खाली एक ओळ जास्त आहे, 'तीट लावायची असल्यास झबल्याला लावावी.' डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे शास्त्रीय आहे का?" मी म्हटलं, "नाही. आजींनी तपासून दिलंय." फॉर्ममधला 'मोबाइल' हा पर्याय मी काढला नाही, पण त्याच्या वर एक प्रश्न घालून घेतला. पाजताना तुम्ही कुठे बघता, आणि का? उत्तरासाठी त्यात यादी उघडत नाही.

हा प्रश्न मी टॅब्लेट खाली ठेवून विचारते.